वाघमामांच्या खारी

“अहो, रविवारी व्याही येतायत,” मामींनी चहाचा कप पुढे सरकवला. “वाघ बघायचाय म्हणे त्यांना. तुमचा.”

मामांचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

“कोण म्हणालं?”

“ते स्वतःच. मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी शेजारणीला ऐकू गेलं. त्यांच्या अख्ख्या बाजारात सांगून ठेवलंय, आमच्या होणाऱ्या सुनेचे वडील वाघ पाळतात.”

“पाळत नाही. सांभाळतो.”

“तेच ते,” मामी म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

मामांनी चहा तसाच ठेवला. प्राणीसंग्रहालयात सगळे त्यांना वाघमामा म्हणत. तिकीटखिडकीवरचे म्हणत, हत्तीवाला म्हणे, मोठे साहेबही चारचौघांत म्हणत. नाव पडायला कारणही तसंच होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वाघाच्या पिंजऱ्यावर काढली होती. त्यांच्या एका हाकेला वाघ उठून गजांशी यायचा आणि बघणारे चार पावलं मागे सरायचे. आता अडचण एवढीच होती की वाघ त्यांच्याकडे राहिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला. वाघाच्या कामात वेळप्रसंगी उलट्या पावली झटकन बाहेर पडावं लागतं, आणि मामांना साधं खाली बसून उठायचं तरी भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी तपासलं, साहेबांनी सही केली, आणि मामांची बदली झाली खारींच्या पिंजऱ्यावर.

खारी. त्याही आपल्या रोजच्या अंगणातल्या नव्हेत, दूरच्या डोंगरातल्या दाट जंगलातून आणलेल्या. मुठीत मावतील एवढ्या, पाठीवर काळे आणि फिकट पिवळे पट्टे, कानाच्या टोकांना पांढऱ्या केसांचे इवलेसे तुरे. “पट्टे तर आहेत ना मामा, मग झालं,” साहेब हसून म्हणाले होते. साहेब मनाने वाईट नव्हते. पण त्या हसण्याने मामांच्या जिव्हारी लागायचं ते लागलंच. उभ्या जन्मात ज्याने वाघाच्या डोळ्याला डोळा दिला, त्याने आता अक्रोड फोडत बसायचं.

ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता पहिला महिना गेला, आणि मग सांगायची वेळच निघून गेली. गावजेवणाचं आमंत्रण राहून जावं तसं ते राहूनच गेलं. घरात मामांना मान होता तो वाघाचा. लेक लहान असताना शाळेत तिच्या वाटेला कोणी जात नसे, कारण हिचे बाबा वाघ सोडतील. रात्री ताटावर बसलं की लेक आणि मामी विचारत, आज काय केलं त्याने? आणि मामा सांगत. सांगायला रोज नवं काही हवंच. मग ते दिवसभरात खारींनी केलेलं वाघाच्या नावावर खपवू लागले.

“आज काय झालं, दोघांत जुंपली. शेवटी धाकटा पळत येऊन माझ्या पाठीमागे लपला.”

“वाघ तुमच्या पाठीमागे लपला?” मामी विचारत.

“घाबरला होता बिचारा.”

“आणि मग?”

“मग काय, अक्रोड दिला तेव्हा कुठे शांत झाला.”

मामी आमटीचा डाव वाढत आणि पुढे काही विचारत नसत. मामांना वाटे, बाई भोळी आहे, आपलं बरं चाललंय.

पण व्याही म्हणजे काही ताटावरची गोष्ट नव्हती. ते फळबाजारात लिलाव पुकारत. त्यांचा आवाज असा की कर्णा लावायला गेलं तर कर्णाच लाजावा. त्यांच्यासमोर खारींच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि हे बघा, हे आमचं काम, असं म्हणायचं? त्यातून लेकीचं सासर. पहिल्याच भेटीत बाप थापाड्या निघाला, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. त्यांना मनापासून भीती वाटली. वाघासमोर कधी वाटली नव्हती एवढी.

दुसऱ्या दिवशी ते चष्मेवालीकडे गेले. ही मामांच्याच हाताखाली तयार झालेली. वाघ आता तिच्याकडे होता. ती नळी धरून हौद धूत होती.

“पोरी, एक काम आहे,” मामा म्हणाले. “रविवारी अर्धा तास वाघ दे मला.”

“घेऊन जाणार कुठे?”

“थट्टा नको. नुसता उभा राहीन इथे. पाहुणे येणार आहेत.”

चष्मेवालीने नळी बंद केली. मामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती हसली नाही. तेवढ्यासाठी मामांनी मनातल्या मनात तिला शंभर आशीर्वाद दिले.

“किल्ल्या नाही देणार हं मामा. नियम म्हणजे नियम. तुम्हीच शिकवलाय.”

“किल्ल्या कशाला? बादली दे.”

“रिकामी?”

“रिकामीच.”

अशी ती रविवारची व्यवस्था झाली. मामांनी वाघाच्या दिवसांतला जुना खाकी सदरा शोधून काढला, जो त्यांना तेव्हा बसायचा. मामींनी त्याची शेवटची दोन बटणं पुढे सरकवून शिवली आणि कशासाठी ते विचारलं नाही.

व्याही फाटकातून आत आले हे वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत कळलं. मोर ओरडले, माकडांनी जाळ्या हलवल्या. व्याही पुढे, त्यांच्या मागे विहीणबाई, मामी आणि लेक. विहीणबाई बारीक चणीच्या, पदर सावरत चालणाऱ्या. नवऱ्याच्या बोलण्यात कुठे फट सापडेल याची वाट बघायचं त्यांनी बहुतेक बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं असावं.

मामा बादली घेऊन उभे होते. गजांपलीकडे सावलीत वाघ आडवा पसरला होता.

“वा, वा, वा!” व्याही म्हणाले. “काय माल आहे! नुसत्या मिशीला बोली लावली तरी बाजार उठेल. खातो किती हो हा?”

“पोटभर,” मामा म्हणाले.

“झोपलाय का?”

“दुपारचा पडतो जरा.”

“मग उठवा की. तुमच्या एका हाकेला येतो म्हणे. सूनबाईंनी सांगितलंय आम्हाला. मी चार लोकांना सांगितलंय, त्या चौघांनी आणखी चौघांना.”

लेक मोठ्या अभिमानाने बापाकडे बघत होती. मामांनी बादली खाली ठेवली. दोन पाय रोवले, छाती भरून घेतली. ती हाक पोटातून यायची, त्यांना चांगली आठवत होती. त्यांनी तोंड उघडलं.

“च्च, च्च,” ते अगदी हळू म्हणाले. “ये बाळा. ये, कोणी नाही.”

मामा स्वतःच दचकले. तीन वर्षांत त्यांच्या गळ्याला वेगळंच वळण लागलं होतं. वाघाजवळ जायचं तर आपण आलोय हे त्याला आधी कळावं लागतं, म्हणून तिथे खाकरायचं, बादली आपटायची, मोठ्याने बोलायचं. खारीचं उलटं. तिथे माणूस आहे हे कळताच कामा नये. सुरुवातीला मामा पिंजऱ्यात शिरले की सगळ्या खारी खोडाला चिकटून खोडाच्याच होऊन जायच्या, आणि बाहेरून लोक म्हणायचे, पिंजरा रिकामाच आहे वाटतं. मग मामांनी खोकला गिळायला शिकून घेतलं, चपला दाराशी काढायला शिकून घेतलं. आवाज लहान करत करत कुजबुजीवर आणला. आणि आज नेमका तोच बाहेर पडला.

वाघाने कानावरची माशी उडवली.

“घसा बसलाय का?” व्याहींनी विचारलं.

मामांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, च्च, च्च. पलीकडे एक लहान मूल हसलं. आणि तेवढ्यात मागच्या वाटेने खडीवर बुटांचा आवाज आला. चष्मेवाली चहा पिऊन परतत होती, तिला वाटलं पाहुणे गेले असतील. वाघाने डोळे उघडले. तो उठला, अंग ताणलं आणि गजांना गाल घासत तिच्या पावलांबरोबर थेट पिंजऱ्याच्या त्या टोकापर्यंत चालत गेला. मामांसमोरून गेला. त्यांच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

तीन वर्षं मामा समजत होते की वाघ त्यांची आठवण काढत असेल. त्यांना फार वाईट वाटलं. व्याही समोर आहेत, लेक समोर आहे, हेही काही क्षण त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

“हा तर त्या बाईंना ओळखतो,” व्याही म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, दिसलं ते बोलले.

“ओळखणारच,” मामी शांतपणे म्हणाल्या. “त्याच्या तोंडात घास घालणारी ती आहे. आता इथलं झालं असेल तर चला, यांच्याकडे जाऊ.”

“यांच्याकडे म्हणजे?”

“खारींकडे. पाण्याच्या टाकीमागे आहे पिंजरा.”

मामांनी मामींकडे पाहिलं.

“तुला काय माहीत?”

“अहो, वाघाचा वास कपडे किती धुतले तरी जात नाही. जन्मभर धुतलाय मी तो. एका महिन्यात तो वास गेला आणि खिशातून अक्रोडाची टरफलं निघायला लागली. मला वाटलं, माणूस कुठे जातो तरी कुठे. म्हणून एक दिवस डबा विसरलात ते निमित्त करून आले. बघते तर तुम्ही ओंडक्यावर बसलेले आणि तुमच्या खांद्यावर एक बया गाढ झोपलेली.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? रोज रात्री इतक्या रंगात येऊन सांगत होतात. मी कशाला मोडता घालू?” मग त्यांनी पदराचं टोक उगाचच नीट केलं. “आणि वाघाच्या वेळी तुम्ही असं हसत घरी येत नव्हतात.”

लेकीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. “बाबा, म्हणजे पाठीमागे लपला तो…”

“खार होती,” मामा म्हणाले.

आता लपवायला काही राहिलंच नव्हतं. त्यांनी बादली उचलून भिंतीशी ठेवली आणि ते व्याहींसमोर येऊन उभे राहिले.

“व्याहीबुवा, वाघ माझ्याकडे होता हे खरं आहे. आता नाही. गुडघे गेले म्हणून काढून घेतला. आता मी खारी सांभाळतो. मला लाज वाटली म्हणून घरी खोटं बोललो, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं. यात पोरीचा काही दोष नाही. तिला माहीत नव्हतं.”

सगळा बाजार व्याहींच्या डोळ्यांपुढून गेला असावा. “पण मी तर वाघ म्हणून सांगून बसलोय,” ते म्हणाले. “आता जाऊन खार म्हणू? लोक मला… अहो, शब्दावर चालतो आमचा धंदा.”

लेकीचा चेहरा उतरला. मामांना वाटलं, झालं. जे होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच झालं.

“आलोच आहोत तर खारी बघू या ना,” विहीणबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य असल्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. “मला आवडतात.”

खारींच्या पिंजऱ्यात पाहुणे न्यायला मनाई नव्हती, कारण परवानगी कधी कोणी मागितलीच नव्हती. आत एक जुनं झाड होतं, त्याचा शेंडा जाळीला टेकलेला. बुंध्याशी दोन ओंडके. मामांनी सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या आणि व्याहींना एका ओंडक्यावर बसवलं.

“कुठे आहेत?” व्याहींनी विचारलं. झाडाची पानं हलली.

“समोरच आहेत. हळू बोला.”

“हळूच बोलतोय,” व्याही म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली.

“त्याहून हळू.”

“याहून हळू मला येत नाही हो.”

“मग बोलूच नका,” मामा म्हणाले. वाघासमोर त्यांच्या गळ्यात जी जरब आली नव्हती, ती आत्ता कुजबुजीत आली. “हात गुडघ्यावर. मान वळवायची नाही. श्वास नाकाने घ्या. झाड झालो असं समजा.”

व्याहींनी हात गुडघ्यावर ठेवले. सुरुवातीला त्यांच्या मिशा थरथरत होत्या, आत अडकलेला शब्द बाहेर पडायला धडपडत असावा. हळूहळू त्या थांबल्या. मामांनी खिशातून अक्रोडाचा तुकडा काढून तळहातावर ठेवला आणि डोळे अर्धे मिटले. मग मामींनी लेकीच्या कोपराला हळूच स्पर्श केला. झाडाच्या सालीवर एक रेघ हलली.

ती रेघ वळसे घेत खाली आली, थांबली, पुन्हा आली, आणि तिची खार झाली. मागून दुसरी. पहिली मामांच्या हातावर चढली, तुकडा उचलला आणि थेट सदऱ्याच्या खिशात शिरली, घरच्यासारखी. दुसरी मात्र धीट होती. तिने व्याहींचा अंगठा हुंगला, धोतरापाशी घुटमळली, गुडघ्यावर आली, छातीवरून सरसर वर गेली आणि त्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. तिथे बसून तिने पुढच्या दोन पायांनी तोंड पुसलं.

व्याही हलले नाहीत. त्यांचे डोळे एवढाले झाले होते आणि हळूहळू त्यांत पाणी भरत होतं. खूप वेळाने त्यांचे ओठ हलले.

“हिचं काळीज उडतंय,” ते म्हणाले. “मला टाळूवर कळतंय.”

हा आवाज कोणाचा, हे क्षणभर कोणाला कळलं नाही. अगदी साधा, मऊ आवाज होता. मोठ्या आवाजाखाली तो इतकी वर्षं कुठे पडून होता कोण जाणे. विहीणबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीसारखं काहीतरी उमटलं, आणि ते लपवायला त्यांनी पदर तोंडाशी धरला.

“यांना रोज इथे पाठवू का?” त्यांनी मामींच्या कानात विचारलं.

“पाठवा की,” मामी म्हणाल्या. “अक्रोड तेवढे तुमचे.”

हसू आवरताना दोघींचे खांदे हलायला लागले. खार व्याहींच्या डोक्यावरून उडी मारून झाडावर गेली आणि आपल्या अंगाच्या मानाने भलत्याच मोठ्या आवाजात सगळ्यांना रागावली. “अरे, ही तर आमच्यातलीच निघाली,” व्याही म्हणाले, पण तेही हळूच.

दाराशी चपला घालताना व्याहींनी मामांचा हात धरला.

“बाजारात काय सांगायचं ते मी बघतो. वाघापुढे काय, कोणीही गप्प बसतो. मला खारीनं गप्प बसवलं असं सांगेन. आणि पुढच्या वेळी नातवाचे आजोबा म्हणून येईन, तेव्हाही डोक्यावर टोपी नाही घालणार. तिला बसायला जागा ठेवीन.”

“आधी लग्न तरी होऊ दे,” विहीणबाई म्हणाल्या. ते त्यांचं दिवसभरातलं चौथं वाक्य होतं, आणि व्याहींनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

लेक त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. जाण्याआधी ती जाळीपाशी परत आली. “बाबा, आज रात्री सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगायच्या,” ती म्हणाली. “खारींच्या म्हणूनच.” मामांनी मान हलवली.

पाहुणे गेल्यावर मामी पुन्हा आत येऊन ओंडक्यावर मामांशेजारी बसल्या. त्यांनीही चपला काढल्या होत्या. ऊन जाळीवरून खाली सरकलं, एकेक खार झाडाच्या ढोलीत शिरू लागली. मामांच्या खिशातली मात्र अक्रोड खाऊन तिथेच मुटकुळं करून झोपली होती.

तेवढ्यात पलीकडून वाघाची डरकाळी आली. त्याच्या खाण्याची वेळ झाली होती. बाहेरच्या वाटेवरून माणसं मुलांना ओढत तिकडे पळाली. मामांच्या पायांत जुनी हालचाल झाली, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. मामींनी ते पाहिलं.

“जाऊन यायचंय का?” त्यांनी विचारलं. “जा. मी बसते इथे.”

मामांनी खिशावर तळहात ठेवला. आतलं इवलंसं ऊबदार ओझं श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

“नको,” मामा कुजबुजले. “हिची झोप मोडेल.”